फोनमधले काय टॅबलेटवर न्यावे

रविवार, रात्री उशिरा

आज नवा टॅबलेट सुरू केला. दुकानदाराने सांगितले होते की केबल जोडली की तुमचा फोन जसाच्या तसा यात येईल. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना ते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र तो जसाच्या तसा यायला हवा का, हे ठरवण्यातच माझी दुपार गेली.

भाषा आणि वाय-फाय विचारून झाल्यावर टॅबलेटने जुन्या उपकरणावरून ॲप व डेटा घ्यायचा का, असे विचारले. फोनचा पिन टाकून संमती दिली, तेव्हा पडद्यावर यादी आली : संपर्क, संदेश, कॉलच्या नोंदी, फोटो, ॲप, सेटिंग, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. घाईत असलेला माणूस ‘पुढे’ दाबून मोकळा होतो. मी मात्र एकेक खूण काढत बसलो, कारण फोन माझ्या खिशात राहतो आणि हा टॅबलेट बैठकीच्या खोलीत राहणार आहे. संध्याकाळी आई त्यावर कीर्तन ऐकणार, मुलगी गणिताचे व्हिडिओ पाहणार, आणि त्याच पडद्यावर माझ्या बँकेचे एसएमएस पडून राहावेत, हे मला पटेना. संदेश आणि कॉलच्या नोंदी वगळल्या. ॲपच्या यादीतूनही वाचनाची, नकाशाची आणि गाण्यांची तेवढी ठेवली.

जे आले त्याचीही गंमत आहे. वाय-फायचे पासवर्ड आले, भिंतीवरचे चित्र आले, आणि फोनवर चष्म्याविना दिसावीत म्हणून मोठी करून ठेवलेली अक्षरेही त्याच मापाने आली; टॅबलेटच्या पडद्यावर ती निवडणुकीच्या फलकासारखी दिसू लागली, म्हणून ती आधी लहान केली. ॲपची चिन्हे सुरुवातीला करड्या रंगात होती आणि एकेक करून रंग भरत गेली. पण चिन्ह आले म्हणजे आतला ऐवज आला असे नसते. 2015 मध्ये आलेल्या सहाव्या अँड्रॉइडपासून ॲपचा डेटा आपोआप गूगल खात्यात जपला जातो खरा, तरी त्याला प्रत्येक ॲपमागे 25 एमबीची मर्यादा आहे, आणि आपला डेटा असा जपू द्यायचा की नाही, हे ॲप तयार करणारे ठरवतात. त्यामुळे काही ॲप उघडल्यावर मागच्या पानापासून सुरू झाली, तर काहींनी अनोळखी माणसासारखे नाव आणि मोबाइल क्रमांक विचारला.

पैशांचे व्यवहार करणारी ॲप मुळात न्यायचीच नव्हती, आणि नेली असती तरी चालली नसती. यूपीआयची नोंदणी करताना बँकेत दिलेल्या क्रमांकाच्या सिमवरून, त्याच उपकरणातून एक एसएमएस जावा लागतो आणि खाते त्या उपकरणाशी बांधले जाते. माझ्या टॅबलेटला सिमची खाचच नाही. अनेकांना ही अडवणूक वाटते. मला ती हवीशी वाटते, कारण बैठकीतल्या टॅबलेटवरून कोणी चुकूनही पैसे पाठवू शकणार नाही. बोटाचा ठसाही फोनच्या आतल्या सुरक्षित भागातच राहतो आणि बॅकअपमध्ये जात नाही, हेही योग्यच आहे.

व्हॉट्सॲपचा प्रश्न आईने काढला. “तुझ्या फोनवरचे निरोप मला इथे दिसतील का रे?” असे तिने विचारले, तेव्हा मी घाईघाईने नाही म्हणालो. वास्तविक फोनने क्यूआर कोड टिपला की तेच खाते टॅबलेटवर जोडता येते, फोनखेरीज चार उपकरणांपर्यंत ती सोय आहे, आणि मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर जोडलेली उपकरणे आपोआप बाहेर पडतात. माझे खाते मी जोडले नाही. आईचे मात्र जोडून देणार आहे, कारण भाचीच्या बाळाचे फोटो तिला मोठ्या पडद्यावर पाहायचे आहेत.

तरीही एक पेच उरला. गूगल खाते एकच असल्यामुळे कॅलेंडरमधली आठवण फोनवर आणि टॅबलेटवर एकदमच वाजली, आणि मेलचे चिन्हही डोके वर काढून बसले. त्यावरचा उपाय नवा नाही : 2012 साली आलेल्या अँड्रॉइडच्या 4.2 आवृत्तीपासून टॅबलेटवर एकाहून अधिक वापरकर्ते ठेवण्याची सोय आहे, जरी काही कंपन्या ती आपल्या उपकरणांत देत नाहीत. माझ्या टॅबलेटमध्ये ती निघाली. मुलीचा वेगळा वापरकर्ता करून झाला, त्यात तिने शाळेच्या ॲपआधी चित्रकलेचे ॲप घातले. आईचा उद्या करायचा आहे, तिला विचारून. तिला पिन नको आहे, आणि पिनशिवाय तिचे व्हॉट्सॲप उघडे ठेवायला मी तयार नाही.