पोटमाळ्यावरची रेल्वे खाली उतरवताना

इंग्लंडमधल्या उतरत्या छपराच्या घरांत वर पोटमाळा असतोच, आणि तिथे कुणा आजोबांनी वर्षानुवर्षं जपलेली छोटी रेल्वे सापडणं इथे नवलाचं नाही. शिडी चढवत नाही किंवा घर विकायचंय, म्हणून ती खाली आणून पुन्हा चालती करून देण्याची कामं इथले कारागीर ऑर्डरवर घेतात. बघणाऱ्याचं लक्ष डोंगर, बोगदे आणि स्टेशनाकडे जातं. कामाचा अंदाज मात्र टॉर्च घेऊन फळीखाली आडवं झाल्यावरच येतो.

पहिलं माप माळ्याच्या झडपेचं. रेल्वे वरच बांधलेली असते, त्यामुळे सलग फळी त्या झडपेतून उतरत नाही, कापावीच लागते. साधारण 1200 बाय 600 मिलिमीटरचे तुकडे दोघांना उचलायला सोयीचे पडतात.

कापण्यातच सगळं कसब आहे. आधी फळीखाली, जिथे काप येणार तिथे, 9 मिमी प्लायच्या 100 मिमी उंच दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसवायच्या. मध्ये करवतीच्या पात्याएवढ्या जाडीचा पत्रा ठेवायचा. पट्ट्या एकत्र धरूनच बोल्टची आणि पितळी खुंट्यांची भोकं पाडायची, म्हणजे पुढे कितीही वेळा जोडलं तरी रूळ समोरासमोर येतात. मग वरून, कापाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक रुळाखाली एकेक पितळी स्क्रू पिळायचा, डोकं रुळाच्या तळाला टेकेपर्यंत, आणि तिथे डाख द्यायचा. हे न करता रूळ कापला की तो स्लीपरच्या प्लॅस्टिकमधून सुटून बाजूला सरकतो आणि पुन्हा रेषेत येत नाही. डाख थंड झाल्यावर पातळ चकतीने रूळ काटकोनात कापायचे (डोळ्यांवर चष्मा हवाच, चकती तुटते), त्यानंतर लाकूड. जोडताना पत्रा परत मध्ये ठेवायचा, नाहीतर करवतीने खाल्लेलं लाकूड भरून निघत नाही आणि रूळ एकमेकांना भिडतात.

खराब रूळ काढायचे असतील तर खडी कशाने चिकटवलीय ते आधी पाहावं. फेव्हिकॉलच्या जातीचा साधा पांढरा गोंद असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून फवारायचं, अर्धा तास थांबायचं आणि पातळ पत्रा सरकवत रूळ सोडवायचा. पाण्यात न विरघळणारा गोंद असेल तर तो भाग नव्यानेच घालावा. वाचवायच्या नादात रूळ वाकतात.

आता वीज, इथेच बहुतेक जुन्या रेल्वे हरतात. पूर्वी दोन-चार जागी तारा जोडून बाकी वीज रूळजोडांच्या भरवशावर सोडत. जोड सैल झाले, काळे पडले की इंजिन टोकाला जाऊन मलूल होतं. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतःची तार द्यावी: 0.2 मिमीच्या 7 तारांची, 300 मिमीपेक्षा लांब नको. ती खालच्या जाड मुख्य जोडीला, म्हणजे 32 तारांच्या केबलला जोडावी. थर्मोकोलच्या डोंगरातून गेलेल्या तारा काढूनच टाकाव्यात, कारण पीव्हीसीतलं तेल थर्मोकोल खातं आणि वेष्टण कडक होऊन तडकतं. जुना ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. त्यात 230 व्होल्ट येतात.

गिऱ्हाइकाला डिजिटल नियंत्रण (रुळांत वीज कायम ठेवून प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारं) हवं असेल तर सांध्यांवर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांवर, खास लक्ष. जुन्या काही सांध्यांत हलणारी पाती दोन्ही एकाच ध्रुवाची असतात. चाकाची मागची बाजू उघड्या पात्याला निसटती लागली की क्षणभर शॉर्ट होतो. जुन्या डीसी कंट्रोलरवर ते लक्षातही येत नाही. डिजिटलवर अख्खी रेल्वे बंद पडते. उपाय असा: प्रत्येक पातं शेजारच्या रुळाला तारेने बांधायचं, मधला त्रिकोणी भाग वेगळा काढायचा आणि त्याची वीज सांध्याबरोबर हलणाऱ्या छोट्या स्विचने बदलायची. शेवटी नाणं घेऊन दर मीटरला दोन्ही रुळांवर आडवं टेकवावं. यंत्रणा लगेच बंद झाली पाहिजे. नाही झाली तर तिथली तार अपुरी आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी काहीतरी वितळणार.

मापांबद्दल गिऱ्हाइकाशी आधीच स्पष्ट बोलावं. इथे सर्वाधिक चालतं ते डबल-ओ: गाड्या 1:76, रुळांतलं अंतर 16.5 मिमी. हिशोबाने 18.83 यायला हवं, पण बाजारातला बहुतेक सगळा माल असाच येतो. आपला 1676 मिमीचा ब्रॉडगेज त्या प्रमाणात 22 मिमी होतो, म्हणून भारतीय गाडी 16.5 वर बसवली की डब्याखाली रूळ बारीक दिसतात. माथेरानच्या गाडीचं गणित सोपं आहे: दोन फुटांचा मार्ग 8 मिमी येतो आणि 9 मिमीचे तयार रूळ जवळजवळ चपखल बसतात. कोकणात कुणी असा घाट बांधणार असेल तर प्लायला सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांनाही, वॉर्निश द्यावं. पावसाळ्यात फुगतो तो उघडा राहिलेला काठच.

चढाची मागणी आली की फूटपट्टी काढावी. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला साधारण 75 मिमी उंची लागते. 1:40 च्या चढाला त्यासाठी 3 मीटर जागा हवी, आणि तेवढी खोली क्वचितच असते.

सुपूर्द करण्याआधी सगळ्यात लांब गाडी प्रत्येक सांध्यावरून सावकाश मागे ढकलत न्यावी. ओढताना लपलेले दोष तेव्हा डबे उतरवून दाखवतात. रेल्वे नव्या खोलीत बसवल्यावर दोन आठवडे तशीच ठेवावी आणि मगच तुकड्यांच्या जोडावरची खडी चिकटवावी.