तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुमच्या त्या युनोचा उपयोग काय?’

कोल्हापूरच्या शाहू स्मारकातले व्याख्यान असो, एखाद्या महाविद्यालयाचे शिबिर असो की नात्यातल्या लग्नाची पंगत असो, मी आयुष्यभर आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवले हे कळले की समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. युक्रेनवर रणगाडे गेले तेव्हा विचारला, गाझा बेचिराख होऊ लागले तेव्हा विचारला, आणि करोनाच्या लसीसाठी सीपीआर रुग्णालयासमोर रांगा लागल्या होत्या तेव्हा तर फोन करून विचारला. प्रश्न युनोच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या, नावाने येत असला तरी त्यात जागतिक आरोग्य संघटना, जागतिक व्यापार संघटना आणि हवामान परिषदा असे सगळेच गृहीत धरलेले असते. सभागृहात आभारप्रदर्शनाची घाई असते, पंगतीत वाढपी उभा असतो, त्यामुळे माझे उत्तर नेहमी अर्धे राहते. अर्धे उत्तर ऐकून लोक मला एक तर भाबडी समजतात किंवा परदेशी संस्थांची वकील समजतात. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

सोपी उत्तरे आधी देऊन टाकते. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला, हे १९८० मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले आणि ते एकट्यादुकट्या देशाचे काम नव्हते. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये झालेला माँट्रियल करार जगातल्या सर्व देशांनी स्वीकारला. ही उत्तरे खरी आहेत, पण न झालेल्या आजाराबद्दल कुणी कृतज्ञ राहत नाही, हे मला वर्गात फार लवकर कळले. कुठलाही ठराव एकट्याने रोखण्याच्या पाच कायम सदस्यांच्या नकाराधिकाराबद्दल म्हणाल, तर सुरक्षा परिषदेची रचना अन्यायाची आहे हे मला कुणी नव्याने पटवून द्यायला नको. १९६५ मध्ये परिषदेची सदस्यसंख्या अकरावरून पंधरावर गेली, त्यानंतर काहीही हललेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०८ प्रमाणे दुरुस्तीसाठी दोन तृतीयांश देशांची मंजुरी लागते आणि त्यात पाचही कायम सदस्यांची लागतेच. ज्यांचा अधिकार कमी करायचा त्यांचीच संमती हवी, अशी ती व्यवस्था आहे. हे मी इतकी वर्षे फळ्यावर लिहून शिकवत आले आणि तरीही या संस्था मोडीत काढाव्यात असे मला वाटत नाही. तुम्हाला खटकते ते हेच.

या संस्थांवर लोकांचा विश्वासच नाही, असे मी मानत नाही. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पंचाहत्तरीनिमित्त जगभरातल्या पंधरा लाखांहून अधिक लोकांची मते मागवली, तेव्हा ८७ टक्के लोकांनी आजच्या संकटांसाठी देशादेशांतले सहकार्य अत्यावश्यक असल्याचे सांगितले. बिंदू चौकात उभे राहून विचारले तर कोल्हापूरचेही उत्तर फार वेगळे येणार नाही. पंचाईत पुढच्या प्रश्नाला होते. त्या सहकार्यासाठी तुम्ही स्वतः काय सोडाल, असे विचारले की सभा गप्प होते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मिरवली आणि त्यात आपले नावही नव्हते. तेव्हा मला एरवी युनोचा उपयोग विचारणारेच लोक ‘याविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायदा नाही का’ म्हणून तावातावाने विचारत होते. कायदा आहे, पण अपुरा आहे. चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावाचे संरक्षण, भारतात चालते, इटलीत आपोआप चालत नाही, आणि बौद्धिक संपदेच्या जागतिक करारात जादा संरक्षण आहे ते फक्त वाइन आणि मद्याच्या नावांना. म्हणजे तुम्हाला हवा होता तो अधिक कडक जागतिक नियम. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचेही तेच आहे. धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा २०१० मध्ये कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या लवादाने दिली आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. त्या फुगवट्याने आपल्याकडे पूर किती वाढतो यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण आपल्याला नको तेवढा निकाल बाजूला ठेवावा असे आपल्याला किती सहज वाटते, याबद्दल मतभेदाला जागा नाही. पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसे जनावरे सोडायला लागतात. त्यांच्यापैकी कुणी लवादाचा निकाल शिरसावंद्य मानावा, असे म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही.

मीही अशीच होते. डिसेंबर १९९१ मध्ये डंकेल प्रस्ताव, म्हणजे पुढे जागतिक व्यापार संघटना ज्यातून उभी राहिली तो कराराचा मसुदा, आला आणि पुढची दोन वर्षे कोल्हापुरात जे मोर्चे निघाले, त्यांत विद्यार्थिनी म्हणून मी घोषणा दिलेल्या आहेत. बियाणे परक्यांच्या मुठीत जाईल, सरकारला स्वतःच्या शेतकऱ्यालाही मदत करता येणार नाही, असे मी घरी येऊन वडिलांना सांगत असे. वडील शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना मानणारे होते. बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारा माणूस डंकेलच्या बाजूने बोलतो आहे, तर त्यात काही तथ्य असेल, असे ते म्हणत. आपले सरकारच भाव पाडून आपल्याला लुटते आहे, मग बाहेरचा नियम आला तर बरेच होईल, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे मी शिकवू लागले आणि वडिलांच्या मुद्द्याकडे सरकत गेले. १९९७ मध्ये कोस्टा रिकासारख्या चिमुकल्या देशाने सुती अंतर्वस्त्रांच्या वादात अमेरिकेला जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलात हरवले, तो खटला मी दरवर्षी शिकवत असे. भारतातून जाणाऱ्या सुती चादरींवर युरोपने लावलेले अँटी-डंपिंग शुल्क (माल फार स्वस्तात ओतला जातो, या आरोपावरून लावतात ते) ज्या पद्धतीने मोजले होते, ती पद्धत २००१ मध्ये अपिलात चुकीची ठरली. यंत्रमागांच्या इचलकरंजीतून आलेल्या मुलांना हे सांगताना माझा आवाज चढत असे. ताकदवानाला कोर्टात खेचता येते, हे त्यांना दाखवण्यासारखे माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कुठल्याही व्यासपीठावर सांगितलेले नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मी संक्रांतीला माहेरी, करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी भारताच्या ऊस आणि साखरेच्या अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारीचा निकाल १४ डिसेंबरला लागला होता आणि तो भारताच्या विरोधात होता. त्यावर भारताने अपील केले होते. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, भावकीतली चार माणसे बसली होती, आणि माझ्या भाच्याने मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. “बघा, आत्तीची संघटना आपल्या उसावर उठली,” असे कुणीतरी म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी समजावून सांगायला बसले. भारताने सही केलेल्या करारानुसार एखाद्या पिकाला द्यायचा आधार त्याच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपुढे जाता कामा नये, आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाच्या बाबतीत भारताने ही मर्यादा ओलांडली, असा संघटनेच्या तंटा मंडळाचा निष्कर्ष होता. एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला उसाचा किमान दर, सरकार देत नाही, कारखाने देतात, असा भारताचा बचाव होता. दर सरकारने बांधून दिला की पैसे कुणी का देईना तो आधारच, असे मंडळाने म्हटले. हा आधार मोजताना आजचा दर १९८६ ते १९८८ या काळातल्या भावाशी ताडून पाहायचा असतो, आणि ही मोजणी अन्यायाची आहे, हेही मी सांगितले. पण त्यापुढे, जुन्या सवयीने, असेही म्हणाले की आपण सही केलेली आहे, तेव्हा तक्रार अगदीच बिनबुडाची म्हणता येणार नाही.

दादा, माझा भाऊ, तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो उठला, खुंटीवरच्या पिशवीतून कारखान्याचे बिल काढले आणि माझ्यापुढे सतरंजीवर पसरून ठेवले. त्या हंगामाला दहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, टनाला २,९०० रुपये एफआरपी होती. आमच्याकडे उतारा चांगला म्हणून दर वर जातो, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. त्याखाली सोसायटीच्या पीककर्जाची वजावट होती, पाणीपट्टी होती आणि शेवटी हाती आलेली रक्कम होती, जी माझ्या एका महिन्याच्या पगाराहून फार मोठी नव्हती आणि ज्यासाठी त्याने दीड वर्ष पाणी पाजले होते. “ह्यात सबसिडी कुठं हाय, तेवढं बोट ठेवून दाखव,” तो म्हणाला.

मला बोट ठेवता आले नाही. कारण जो आधार मोजला गेला तो दोन भावांमधला कागदावरचा फरक होता, कुणाच्या हातात पडलेला पैसा नव्हता. हे मी सांगू लागले तेव्हा माझ्याच कानांना ते पुस्तकी वाटले. दादाने बिलाची घडी घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझं काय जातंय ह्यात? तुझ्या नावावर ऊस हाय?”

वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. राजीखुशीने केली होती आणि आजही तिचे मला दुःख नाही. पण ज्या जमिनीवर माझे नाव राहिले नाही, तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकारही मी त्या सहीबरोबर सोडून दिला, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता, आणि तो तिथे बसलेल्या प्रत्येकाला बरोबर वाटला. आई तिळगुळाची वाटी घेऊन मधल्या दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. त्या क्षणी मला उत्तर सुचले असते तरी मी दिले नसते.

थोड्या वेळाने भाच्याने विचारले, “मग आत्ती, अपिलाचा निकाल कधी लागंल?” मी खरे ते सांगितले. अपील मंडळ सात जणांचे असते आणि एक प्रकरण ऐकायला तीन जण लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून तेवढे सदस्य उरले नाहीत, आणि नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस शेवटच्या सदस्याचीही मुदत संपली. म्हणजे भारताने अपील केले आहे ते एकही न्यायाधीश नसलेल्या मंडळापुढे. अपील पडून आहे तोवर तो निकाल लागू होत नाही. “मग बरंच झालं की,” दादा म्हणाला, आणि सोप्यातला ताण एकदम उतरला. सगळ्यांना हायसे वाटले. मलाही वाटले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला दर वेळी जे गिळावे लागते ते हे हायसे वाटणे. न्यायनिवाडा करणारे मंडळ असावे, ते सबळांनाही बांधणारे असावे, हे शिकवण्यात माझी नोकरी गेली. आणि माझ्या माहेरचा उसाचा दर आज सुरक्षित आहे तो ते मंडळ बंद पाडले गेले म्हणून. ते ज्या देशाने बंद पाडले त्याच्या दांडगाईविरुद्ध मी लेख लिहिलेले आहेत. युरोपीय महासंघाने आणि इतर काही देशांनी २०२० मध्ये आपसांत पर्यायी अपिलाची सोय करून घेतली. आपल्याविरुद्ध तक्रार करणारे ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया तिच्यात आहेत, भारत नाही. भारताने तिच्यात जावे असे मी एखाद्या चर्चासत्रात म्हणेन का? तत्त्व म्हणून म्हणायला हवे. दादासमोर म्हणेन का, हे मला सांगता येत नाही.

मोर्चातली ती मुलगी मला आता म्हणेल की बघ, मी सांगत होते, सरकारला आपल्या शेतकऱ्याला मदत करता येणार नाही. तिचे निम्मे खरे ठरले आहे. पण तिच्याकडे नियमाऐवजी काय होते? नियम नसते तर त्या चादरींवरचे शुल्क उठवायला आपण कुठे गेलो असतो? ताकद असलेल्या देशाला नियम नसले तरी चालते, त्याला आयातशुल्क एका सहीत वाढवता येते. आपल्याला ते चालत नाही. मी तिला हे सांगते आणि ती गप्प बसत नाही. नियम कुणी लिहिले, लिहिताना तू तिथे होतीस का, १९८६ चा भाव तुला विचारून घेतला का, असे ती विचारते. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

दादा आणि मी बोलतो. त्यानंतर काही महिने बोलत नव्हतो, मग आईच्या आजारपणात बोलू लागलो. गेल्या हंगामात त्यानेच विषय काढला. मोजणीसाठी धरलेला तो जुना भाव बदलला पाहिजे, यावर आमचे एकमत आहे. अपील मंडळ पुन्हा भरले पाहिजे, हे तोही आता तत्त्वतः नाकारत नाही. पण तो म्हणतो, आधी तो भाव बदला आणि मगच न्यायाधीश नेमा, नाहीतर नेमल्या दिवशी पहिला निकाल आमच्या उसावर येईल. मी म्हणते, न्यायाधीशच नसतील तर बदललेला भाव मोठ्या देशांना पाळायला कोण लावणार? गेल्या वेळी इथपर्यंत आलो आणि त्याला मोटर चालू करायला जायचे होते, कारण लाइट रात्री दहालाच येते.