तुम्ही विचारलंत म्हणून : टायगरच्या आधीचं गोल्फ

"टायगर वुड्सच्या आधी गोल्फमध्ये बघण्यासारखं होतं तरी काय?" गोल्फचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारा बहुधा क्रिकेटवर जीव टाकणारा असतो आणि मनापासून विचारत असतो. टायगरने १९९७ ची मास्टर्स, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, १२ फटक्यांनी जिंकली तेव्हा तो २१ वर्षांचा होता, आणि पुष्कळांसाठी गोल्फ तिथूनच सुरू होतं. माझं त्याच्या आधी सुरू झालं, घरात केबल आली तेव्हा. त्या वर्षांतलं मला जे आठवतं, त्यात जिंकणाऱ्यांइतकेच हरणारेही आहेत.

ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस आपल्याकडे रविवारी रात्री संपायचा, त्यामुळे ती बघणं सोपं होतं. मास्टर्स अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑगस्टाला. तिथली रविवारची संध्याकाळ म्हणजे इथली सोमवारची पहाट. घरातले सगळे झोपलेले, आवाज अगदी बारीक केलेला. गोल्फला आवाज तसाही फारसा लागत नाही.

क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज पॅव्हेलियनमध्ये जातो आणि कॅमेरा नव्या माणसाकडे वळतो. गोल्फमध्ये ती सोय नाही. चार दिवस, ७२ होल्स (प्रत्येक होल म्हणजे चेंडू खड्ड्यात घालायचा एक टप्पा), सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकणार, आणि शेवटच्या दिवशी तुमचा खेळ बाराव्या होलला कोसळला तरी उरलेले सहा होल्स तुम्हालाच खेळायचे असतात. तेही ज्याच्याकडून तुम्ही हरताय त्याच्याच शेजारून चालत, हजारो लोकांसमोर. ते चालणं मी ग्रेग नॉर्मनच्या बाबतीत बघितलं.

नॉर्मन ऑस्ट्रेलियाचा. पांढुरके सोनेरी केस, रुंद हॅट, कुठल्याही होलला आक्रमक. मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए या चारही मोठ्या स्पर्धांमध्ये प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळापर्यंत, जाऊन हरलेला. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या सँडविच गावी रॉयल सेंट जॉर्जेसच्या मैदानावर ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी त्याने ६४ फटक्यांची फेरी केली आणि निक फाल्डोला दोन फटक्यांनी मागे टाकलं. इतकं निर्दोष गोल्फ मी त्याआधी बघितलं नव्हतं. फाल्डो त्याच्या अगदी उलट. हा इंग्रज माणूस तोलून मापून खेळायचा. मोठ्या स्पर्धा जिंकायला लागण्याआधी प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरच्या हाताखाली त्याने आपला स्विंग मुळापासून नव्याने बांधला होता. बॅग उचलायला स्वीडनची फॅनी सुनेसन. पुरुषांच्या स्पर्धेत, एवढ्या वरच्या पातळीवर एक बाई कॅडी म्हणून शांतपणे अंतरं सांगतेय, हे मला त्या काळी फार आवडायचं.

१९९६ च्या मास्टर्सला याच दोघांची जोडी शेवटच्या दिवशी एकत्र आली. नॉर्मनने पहिल्या दिवशी ६३ करून ऑगस्टाच्या विक्रमाशी बरोबरी केली होती, आणि रविवारी तो सहा फटके पुढे होता. नवव्या होलला त्याचा चेंडू ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडला आणि उतारावरून मागे घरंगळत खाली आला. दहाव्याला बोगी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका जास्त. अकराव्याला तीन पट (ग्रीनवरून चेंडू खड्ड्याकडे घरंगळवायचे फटके) लागले आणि आघाडी संपली. बारावा होल छोटा, पार तीनचा म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, पुढ्यात ओढा. नॉर्मनचा चेंडू काठावर पडून पाण्यात गेला. पंधराव्याला त्याचा चिप, म्हणजे जवळून उचललेला छोटा फटका, होलच्या तोंडाशी येऊन चुकला तेव्हा तो गवतावर कोसळला. सोळाव्याला पुन्हा पाणी. फाल्डो ६७, नॉर्मन ७८. सहा फटक्यांची आघाडी जाऊन पाच फटक्यांची हार!

अठराव्या ग्रीनवर फाल्डोने शेवटचा पट घातला आणि हात उंचावत मिरवण्याऐवजी नॉर्मनला मिठी मारली. फाल्डोला लोक थंड म्हणायचे, आत्ममग्न म्हणायचे. त्या सकाळपासून मी कधी म्हटलं नाही. आणि नॉर्मन पत्रकारांसमोर येऊन बसला, एकेका प्रश्नाला उत्तर देत राहिला. कुणावर खापर नाही, हवेवर नाही, मैदानावर नाही.

तेव्हाची साधनंही खेळाडूला फारसं सांभाळून घेत नसत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही जण अजून लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, खेळत होते. कॅलवे कंपनीची धातूची बिग बर्था १९९१ मध्ये आली आणि हळूहळू लाकूड मागे पडलं. वरच्या दर्जाचे खेळाडू वापरत तो चेंडू आत ताणून गुंडाळलेल्या रबराचा आणि वरून बलाटा नावाच्या मऊ आवरणाचा असे. तो जास्त फिरायचा, त्यामुळे हवेत डावी-उजवीकडे वळवता यायचा. तसाच चुकीच्या फटक्यावर रानात जायचाही. आजचा चेंडू लांब जातो, सरळ जातो. मला तो वळणारा चेंडू जास्त देखणा वाटतो, आणि हे मी केवळ जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. वळवायचा चेंडू आधी मनात बघावा लागतो.

बेन क्रेनशॉचं १९९५ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचे लहानपणापासूनचे गुरू हार्वी पेनिक मास्टर्सच्या आधीच्या रविवारी वारले. बुधवारी टेक्सासात त्याने गुरूंना खांदा दिला, गुरुवारी ऑगस्टात खेळायला उभा राहिला आणि रविवारी ४३ व्या वर्षी जिंकला. दुसरा आलेल्या डेव्हिस लव्हचे वडीलही पेनिक यांचेच शिष्य.

१९९९ मध्ये, टायगर आला होता तरी मला आठवतं ते दुसऱ्यांचंच, कार्नूस्टीच्या ब्रिटिश ओपनला फ्रान्सच्या जाँ व्हान दे वेल्दला शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे आला, मग गवतात, मग बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात. बूट काढून, विजार दुमडून पाण्यात उभा राहिलेला व्हान दे वेल्द लोकांना आठवतो, आणि ते हसतात. मला हसू येत नाही. त्या सगळ्या घसरगुंडीनंतर प्लेऑफ गाठण्यासाठी एक पट घालणं भाग होतं, आणि तो त्याने घातला. त्या अवस्थेत हात स्थिर ठेवणं केवढं अवघड असेल! दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे असलेला पॉल लॉरी प्लेऑफ जिंकला.

त्याच वर्षी पाइनहर्स्टच्या यूएस ओपनला पेन स्ट्युअर्टने शेवटच्या होलवर पंधरा फुटांचा पट घालून फिल मिकलसनला एका फटक्याने हरवलं. मिकलसनची बायको तेव्हा दिवसांत होती, निरोप आला की निघायचं म्हणून तो जवळ पेजर ठेवून खेळत होता. स्ट्युअर्टने जिंकल्यावर त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तू बाप होणार आहेस, हे त्याला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मुलगी झाली. तो पट चुकला असता तर त्याच सोमवारी दोघांना प्लेऑफ खेळावा लागला असता. ऑक्टोबरमध्ये स्ट्युअर्ट विमान अपघातात गेला, ४२ वर्षांचा.

आणि आपलं? १९९१ मध्ये अली शेरने इंडियन ओपन जिंकली, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला. त्या पिढीतले आपले कितीतरी व्यावसायिक असेच दुसऱ्यांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकले. ज्या मैदानांवर सभासदत्व मिळणं त्यांना अशक्य होतं, तिथलं गवत त्यांना सभासदांपेक्षा जास्त माहीत होतं. जीव मिल्खा सिंगचं नाव पुढे सगळ्यांना कळलं. अली शेरचं नाव मी घेतो तेव्हा बहुतेक जण "कोण?" म्हणतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

तर बघायचं असेल तर मास्टर्सच्या जुन्या अंतिम फेऱ्यांचं पूर्ण चित्रण यूट्यूबवर आहे. १९९६ ची फेरी नवव्या होलपासून लावा. तेराव्याला फाल्डो कुठली काठी घ्यावी याचा किती वेळ विचार करतो ते बघा, पुढे ढकलू नका. पण त्याआधी १९९३ ची ब्रिटिश ओपन मिळाली तर तिचा शेवटचा दिवस बघून घ्या, म्हणजे नॉर्मन काय खेळू शकत होता हे माहीत असेल. मग आपण बोलू.