१६ जीबी रॅम, १२ सेकंदांचा प्रिव्ह्यू
आज दिवसभर आफ्टर इफेक्ट्समध्ये (व्हिडिओला इफेक्ट्स देण्याचं सॉफ्टवेअर) एका लग्नाच्या व्हिडिओचं टायटल. शेजारी भाचा. "मामा, क्लिप तर २०० एमबीची, मग १६ जीबी रॅम जाते कुठे?"

प्रश्न रास्त आहे. क्लिप दाबून भरलेली असते. प्रिव्ह्यूसाठी, म्हणजे काम करता करता चालवून बघण्यासाठी, माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत मात्र प्रत्येक फ्रेम पूर्ण उलगडून रॅममध्ये ठेवावी लागते. फोर-के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, ८ बिट रंगखोलीला प्रत्येकी ४ बाइट. झाले ३३ एमबी! सेकंदाला अशा २५. विंडोज आणि ब्राउझरचे टॅब (ते कोण बंद करतंय!) वगळून १० जीबी उरली, तर जेमतेम १२ सेकंद. ३२ बिटला चौपट बाइट, म्हणून तीनच सेकंद. प्रिव्ह्यू हाफवर (लांबी-रुंदी दोन्ही निम्मी) टाकला की पाव मेमरीत भागतं.

"मग रॅम वाढव ना." भाव सांगितल्यावर गडी गप्प.