कणा वाकडा असून वजनं कशी उचलता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशिकला गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "ताई, पाठ अशी असून व्यायाम करता? भीती नाही वाटत?" पण परवा तुमच्याबरोबर तुमची 13 वर्षांची लेक होती. तिलाही माझ्यासारखाच स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला झुकलेला. बाकाचा कोन 22 अंश निघालाय आणि तुम्ही तिचा खो-खो बंद करायला निघालात. म्हणून हे जरा नीट सांगते.

माझा वाकडेपणा पहिल्यांदा पकडला तो शिंप्याने. नववीचा गणवेश शिवताना भद्रकालीतले टेलरमामा आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचा उजवा खांदा वर आहे. डावीकडे पॅड घालतो." पॅड घातलं, विषय संपला. वर्षभराने एक्स-रे काढला तेव्हा कोन 32 अंश. त्याला कॉब कोन म्हणतात. 10 किंवा त्याहून जास्त असला की स्कोलिओसिस. यात कणा बाजूला झुकतो आणि पिळतोही, म्हणून मी खाली वाकले की उजव्या बरगड्यांचा उंचवटा दिसतो. घरचे मात्र "पोक काढू नकोस" म्हणून ओरडायचे. पोक वेगळं, हे वेगळं. ताठ बसून हे जात नाही.

शाळेत पी.टी.च्या तासाला कायमची सुट्टी मिळाली. व्यायाम न करण्याची ती सवलत मी पुढे पंधरा वर्षं मजेत उपभोगली. तिशीत पाठ भरून यायला लागली, भाजीची पिशवी घरी आणणं जड झालं. वाकड्या हाडांपेक्षा न वापरलेल्या स्नायूंनीच मला जास्त छळलं, असं माझं मत आहे.

मग दुसरं टोक. एका जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात खांद्यावर बार ठेवून बैठका. ट्रेनर मागून ओरडायचा, "सरळ, मॅडम, सरळ!" बार डावीकडे कलायचा आणि तो आरशात सपाट दिसावा म्हणून मी कंबर पिळायचे. तिसऱ्या आठवड्यात अंथरूण धरलं.

पुढे ज्या फिजिओथेरपिस्ट भेटल्या त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरून आधी विचारलं, "बाक कुठल्या बाजूला?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. माझा छातीमागचा बाक उजवीकडे, आणि तोल सावरायला कंबरेतला डावीकडे. एकाला जे मानवेल ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही, म्हणून माझे व्यायाम जसेच्या तसे उचलू नका.

त्यांनी शिकवलं ते श्रॉथ पद्धतीचं. कॅथरिना श्रॉथ या जर्मन बाईंना स्वतःला हाच त्रास होता. 1921 च्या सुमारास त्यांनी ही पद्धत बसवली. दबलेल्या बाजूत श्वास भरून तिथे जागा करायची, हे तिचं मर्म. उताणी झोपते तेव्हा मला उजव्या उंचवट्याखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवायला सांगितली होती. घरात घोटीचा इंद्रायणी होता, तोच शिवून टाकला. ती पिशवी अजून आहे, भात काही झाला नाही.

वजनं आता डंबेलची, एका हाताने, आरशाकडे न बघता. ती जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवते, तिथूनच उचलते. सूर्यनमस्कार घालते, पण भुजंगासनात अर्ध्यावरच थांबते. शीर्षासन आणि झटक्याने कंबर पिळणं बंद. बारला लोंबकळल्याने किंवा पोहण्याने कणा सरळ होत नाही. पोहणं मात्र फुप्फुसांना छान, म्हणून उन्हाळ्यात जाते. पाठ दुखली तर वजन कमी करते. पण पायाला मुंग्या, बधिरपणा, पायातली ताकद गेल्यासारखं वाटणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही झालं तर व्यायाम थांबवून थेट डॉक्टरांकडे.

कोन सरळ झाला का? नाही. गेल्या वर्षी 34 निघाला. मोजण्यातच पाचेक अंश इकडेतिकडे होतात, त्यामुळे रडले नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र न थांबता चढते.

आता तुमच्या लेकीचं. तिचं वय वाढीचं, आणि उंची झपाट्याने वाढते तेव्हाच बाकही वाढू शकतो. त्यामुळे तिच्या बाबतीत माझ्यापेक्षा हाडांच्या डॉक्टरांचं ऐका, ते सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. कोन 25 च्या पुढे सरकला तर ते पट्टा, म्हणजे ब्रेस सांगू शकतात. तो रोज कितीतरी तास घालायचा असतो आणि ती कटकट करणारच. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खो-खो सोडवू नका. उसेन बोल्टचाही कणा वाकडा, आणि 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत धावला तो हाच. पाठ-पोटाच्या स्नायूंवर त्याला कायम मेहनत घ्यावी लागली, तेही तिला सांगा.

आणि हो, धाकटीलाही एकदा गुडघे न वाकवता पुढे वाकवून मागून पाठ बघा. हे घराण्यात चालतं. टेलरमामा माझ्या आईच्या ब्लाउजलाही डावीकडे पॅड घालायचे, हे आम्हाला आई गेल्यावर, कपाट आवरताना कळलं.