हनुवटी टेकव, हात उचल

मी फिजिओथेरपिस्ट. सकाळी साडेसहाला पुण्यातल्या एका पोहण्याच्या तलावावर पोरांचे खांदे तपासायला पोचले तेव्हा पोरं अजून कोरडी होती. तसंच हवं होतं मला. पोहून आल्यावर खांदे दमलेले असतात, माप फसवं येतं. शिवाय ओल्या दंडावर गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, घसरतो.

बारा जणांची तपासणी होती, पण माझं लक्ष एकीकडेच. नववीतली, फ्रीस्टाइलवाली. डावा खांदा दुखतो म्हणून तीन आठवडे माझ्याकडे येत होती. बर्फ, विश्रांती, रबर बँडचे व्यायाम, सगळं झालं. पाण्यात उतरली की दुखणं परत हजर.

उताणं झोपवून दंड बाजूला ९० अंशांत धरला आणि आत फिरवला. उजवा ५८, डावा ५५. यात काहीच सापडेना. मग पालथं झोपवलं. हनुवटी जमिनीला, हात डोक्यापुढे सरळ, तळव्यावर तळवा. आता उचल! बाकीच्यांचे हात वीतभर वर गेले होते. हिचे चार बोटं उचलले आणि हनुवटीच सुटायला लागली.

"ताई, पाठ अडकतेय."

खांदा नाही, पाठ. टाचांवर बसवून पुढे वाकवली, म्हणजे कंबरेला चोरी करता येत नाही. एक हात मानेवर ठेवून छाती वळवायला सांगितली. उजवीकडे ५२ अंश, डावीकडे ३१.

"सर, ही श्वास कुठल्या बाजूने घेते?" मी तिच्या प्रशिक्षकांना विचारलं.

"कायम उजवीकडून. सांगून दमलो."

पाण्यात उतरवली. उजवा हात बाहेर येताना अंग छान वळायचं. डावा येताना छाती सपाटच. पाठ वळत नव्हती, ते सगळं खांदा भरून काढत होता. रोजचे चार किलोमीटर.

आणि मी तीन आठवडे फक्त खांदा धरून बसले होते! तिच्या आईला हे सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं. आई लगेच मोबाइलवर घसरल्या. मोबाइलचा वाटा असेलही, पण एकाच बाजूने श्वास घ्यायला काही त्याने शिकवलं नव्हतं.

टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी सरकवली, दहा वेळा त्यावरून मागे वाकायला लावलं, मग डावीकडे वळायला. पुन्हा हनुवटी टेकवली. चारची सहा बोटं झाली.

"एवढंच?" तिने मान वर करून विचारलं.

"आज एवढंच. हनुवटी खाली."