शातो-शालों: चढायच्या आधी आणि पैसे द्यायच्या आधी

पूर्व फ्रान्समधल्या झ्युरा भागात पिवळी वाईन, म्हणजे व्हँ झोन, घ्यायला जाणाऱ्यांची पहिली फसगत नावातच होते. शातो-शालों ही कुठल्या वाड्यातली वायनरी नाही. ते कड्यावरचं गाव आहे आणि वाईनला त्याचंच नाव आहे. ती बनवणारे छोटे उत्पादक आसपासच्या गावांत विखुरलेले आहेत. वेळ आधी ठरवून जा, आणि बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते हे गृहीत धरा.

दुसरी फसगत थेट खिशाला बसते. चव घेऊन झाली की ‘साव्हान्यँ’ लिहिलेली ७५० मिलीची बाटली “हीसुद्धा पिवळीच” म्हणून पुढे येते. आमच्याही पुढे आली, तीही जवळपास खऱ्या पिवळीच्या भावात. अशा वेळी सरळ नाही म्हणा. साव्हान्यँ हे द्राक्षाचं नाव आहे. व्हँ झोन ६२० मिलीच्या, बसक्या खांद्यांच्या ‘क्लाव्हलँ’ बाटलीत येते आणि लेबलवर ‘व्हँ झोन’ असं छापलेलं असतं. शातो-शालोंच्या लेबलवर ते नसलं तरी चालतं, कारण त्या नावाखाली दुसरी वाईन होतच नाही. लेबलवर ‘उइये’ दिसलं तर पिंप वेळोवेळी भरत ठेवलेली, ताजी, लिंबासारखी वाईन समजा. ‘सू व्वाल’ म्हणजे पिवळीसारखीच यीस्टच्या सायीखाली ठेवलेली, पण कमी काळ. दोन्ही चांगल्या, पण पिवळीचा भाव त्यांना देऊ नका.

तो भाव कशाचा, ते तळघरात कळतं. साव्हान्यँ उशिरा खुडतात, बहुधा ऑक्टोबरात. रस नेहमीच्या पांढऱ्या वाईनसारखा आंबवतात, साखर संपेपर्यंत. मग वाईन २२८ लिटरच्या जुन्या ओक पिंपात जाते. पिंप काठोकाठ भरत नाहीत आणि उडून गेलेल्या वाईनची भरही घालत नाहीत. एरवी वाईन बिघडवायचा हाच हमखास मार्ग. इथे मात्र पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते, तिला ‘व्वाल’ म्हणतात. ही साय हवेतला ऑक्सिजन वापरते, अल्कोहोलपासून अॅसिटाल्डिहाइड बनवते आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना वाव देत नाही. खुडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत वाईन पिंपातच राहते आणि त्यातले किमान ६० महिने सायीखाली जातात. लिटरमधलं उरतं ते ६२० मिली, बाटलीचं माप त्यावरूनच आलं असं इथे सांगतात.

गार, स्थिर, दमट तळघर सर्वांत उत्तम ही समजूत इथे सोडा. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गारठणाऱ्या हवेशीर खोल्याही मुद्दाम वापरतात. उन्हाळ्यात साय जोरात काम करते, थंडीत मंदावते. साय विरळ झाली की व्हिनेगरचा आंबटपणा चढतो. म्हणून पिंपाच्या पुढच्या झाकणाला बसवलेल्या छोट्या तोटीतून, साय न फोडता, नमुना काढून प्रयोगशाळेत तपासतात. नापास पिंपातली वाईन बाहेर काढून साधी साव्हान्यँ म्हणून किंवा शार्दोने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनमध्ये मिसळून विकतात. उत्पादकाला “किती पिंपं नापास झाली?” असं जरूर विचारा. मोकळेपणाने सांगणाऱ्याकडूनच घ्या.

आता तो चढ. बेझान्सों ते लों-ल-सोनिए मार्गावरच्या डोंब्लां-व्वातर स्टेशनवर उतरून पायी निघालात, तर आधी पायथ्याच्या व्वातर गावापर्यंत कंटाळवाणा सपाट रस्ता लागतो आणि मग सुमारे दोनशे मीटर अंगावर येणारा चढ. जुलैच्या दुपारी, चव घेऊन झाल्यावर, हा मूर्खपणा आहे. वर सकाळी पोचा, वाईन नंतर, आणि परतीची गाडी आधीच बघून ठेवा. गाड्या थोड्या आहेत. रविवारी तर मोटार भाड्याने घेतलेलीच बरी, पण चालवणाऱ्याने फक्त हुंगायचं.

वेळ उरला तर झ्युरातल्याच आर्ब्वा गावात शास्त्रज्ञ लुई पाश्चरचं घर बघा, दिवस छान जातो.

चवीबद्दल एकच सांगतो: पहिला वास मेथीदाण्याचा येईल. भास नाही तो. सोटोलोन हे एकच द्रव्य मेथीत आणि या वाईनमध्ये आहे. मागून अक्रोड येतो. म्हणूनच पहिल्या घोटाला “बिघडलीय” म्हणून पेला परत करू नका. फ्रिजमधून काढून लगेच पिणं हा मात्र गुन्हा: १४ ते १६ अंश ठेवा, काही तास आधी उघडा, सोबत दीड वर्ष मुरलेलं कोंते चीज घ्या. उघडलेली बाटली बूच लावून काही आठवडे सहज टिकते, त्यामुळे एका बैठकीत संपवायची घाई नको.

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. तीन क्लाव्हलँ म्हणजे १.८६ लिटर, अगदी बसतात. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत काढून घेतील.